महाराजांची मूळ प्रत

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही होतं. फळं होती, सावली होती, राजा होता, राजाचे सल्लागार होते. नव्हतं ते फक्त पाणी. म्हणजे होतं, पण लपून होतं. चैत्र संपला की मोठं तळं आटायचं आणि मग डोंगरातल्या लहानसहान झऱ्यांवर सगळ्यांना दिवस काढावे लागायचे. कुठला झरा शिळेखाली, कुठला करवंदीच्या जाळीत, तर कुठला खडकाला कान लावल्याशिवाय कळायचाच नाही. असे एकेचाळीस झरे होते.

ते एका म्हाताऱ्या हत्तिणीने जन्मभर पायपीट करून शोधले होते. डोळे मिटण्याआधी तिने ते एकेक करून सांगितले आणि अणकुचीने लिहून घेतले.

अणकुची म्हणजे साळिंदर. हो, तेच काटेवालं. जंगलाचं दफ्तर तिच्याकडे होतं, कारण तिला लेखणी शोधावी लागत नसे. हात मागे न्यायचा आणि पाठीवरचा एक काटा उपसायचा. सागाच्या पानावर काट्याने कोरलं की अक्षर वर्षभर टिकायचं. वर्षभरच हं. मग पान कुडकुडीत होऊन त्याचा चुरा व्हायचा. म्हणून दर थंडीत अणकुची एकेचाळीस पानं नव्याने कोरायला बसायची. तीही एकदा नाही, तीनदा. एक संच तळ्याकाठच्या वडाखाली, येणाऱ्याजाणाऱ्याने बघावा म्हणून. दुसरा स्वतःच्या बिळात. आणि तिसरा पार वरच्या डोंगरकपारीत, तोंडावर धोंडा लावून. त्या तिसऱ्या संचाला पुढच्या थंडीपर्यंत कुणी हात लावायचा नाही. खुद्द अणकुचीनेसुद्धा नाही.

हा तिसरा कशाला, असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, असू द्यावा.

एकोणीस वर्षं तिने हे केलं. एकोणीस वर्षांत त्या जंगलात तहानेने कुणी मेलं नाही, आणि त्याबद्दल अणकुचीचे कुणी आभारही मानले नाहीत. जे घडलंच नाही त्याचे आभार मानायची पद्धत, मुलांनो, कुठल्याच जंगलात नसते.

मग एका माघात शहराकडून एक पारवा आला. त्याचं नाव घुमणराव पारवे. तीन वर्षं तो एका कॉम्प्युटरच्या ऑफिसात राहून आला होता. ऑफिसात म्हणजे ऑफिसच्या बाहेर, एसीच्या डब्यावर. आतली माणसं काय काय करतात ते त्याने काचेतून अगदी बारकाईने पाहिलं होतं. काचेतून आवाज मात्र येत नाही. त्यामुळे माणसं काय करतात ते घुमणरावाला सगळं ठाऊक होतं, का करतात ते तेवढं राहून गेलं होतं.

जंगलाचे राजे पट्टेराव महाराज. वाघ होते, उंचेपुरे, मिशा झुपकेदार. त्यांनी दरबार भरवला आणि घुमणरावाने मान पुढेमागे करत आपली योजना मांडली. योजनेचं नाव 'समसमान'. तीन ठिकाणी संच ठेवून एकट्या अणकुचीबाईंनी पळापळ करायची, हे फारच मागासलेलं काम आहे, असं तो म्हणाला. त्यापेक्षा वड, बीळ, जाळी, माळ आणि खिंड अशा पाच ठिकाणी संच ठेवू. प्रत्येक ठिकाणी एकेक पोपट बसवू. कुठेही पानावर एक रेघ बदलली की तिथला पोपट उडेल, बाकीच्या चौघांना सांगेल, आणि दिवस मावळायच्या आत सगळीकडे तीच रेघ उमटलेली असेल. शहरात असंच करतात.

शहरातले लोक ही पानं ठेवतात कुठे, असं महाराजांनी विचारलं. ढगात, असं घुमणरावाने सांगितलं. मग पाऊस पडला की काय करतात? घुमणरावाने जरा आठवून पाहिलं आणि सांगितलं की पाऊस पडला की शहरात तसंही सगळं बंदच पडतं. महाराजांचं समाधान झालं.

आता खोटं कशाला सांगू, अणकुचीलाही योजना आवडली. पहिल्याच आठवड्यात एका भेकराने येऊन सांगितलं की बाराव्या झऱ्यावर दरड कोसळली आहे आणि आता तिथे डावीकडून उतरावं लागतं. पूर्वी ही बातमी सगळीकडे पोचवायला अणकुचीला चार दिवस लागले असते आणि पायांना फोड आले असते ते वेगळे. आता तिने वडाखालच्या पानावर 'डावीकडून' एवढं कोरलं, आणि पोपट जे भुर्रकन उडाले, ते दुपारच्या आत सगळीकडे डावीकडूनच. अणकुची एवढी हसली की तिचे काटे खुळखुळले. त्या संध्याकाळी ती आपल्या दोन पिलांना घेऊन नुसती फिरायला गेली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

मग घुमणरावाचं लक्ष कपारीकडे गेलं.

तिथला संच धोंड्याआड होता. त्याला पोपट नव्हता. त्यात बारावा झरा अजून उजवीकडूनच उतरत होता. एवढ्या सुंदर योजनेत हे एकच ठिकाण मागे राहिलेलं, अहवालात दर वेळी डाग दिसायचा. घुमणरावाने दरबारात तो डाग दाखवला. सगळ्यांनी चुकचुक केलं. तेव्हा अणकुची उठून उभी राहिली.

"महाराज, तो संच मागे आहे म्हणूनच ठेवलाय," ती म्हणाली. "उद्या सगळे एकदम चुकले, तर न चुकलेला एक तरी नको का?"

दरबार पोट धरधरून हसला. सगळे एकदम कसे चुकतील? सगळे तर एकसारखे होते! धोंडा हलवला गेला आणि कपारीतही पोपट बसला. झाली सहा ठिकाणं.

घुमणरावाच्या योजनेत दोन चांगल्या सोयी होत्या, त्या सांगायच्या राहिल्या. शहरातली माणसं अगदीच काही बावळट नसतात. पहिली सोय अशी, की पान बदललं तर जुनं पान फेकायचं नाही, मागे रचून ठेवायचं, म्हणजे कधी पस्तावायची वेळ आली तर कालचं, परवाचं, गेल्या महिन्याचं पान हाताशी असतं. पोपटांनी तक्रार केली की एका चोचीत आम्ही धरायचं तरी किती. ती सोय बंद झाली. दुसरी सोय म्हणजे केराची ढोली. पोपटांनी काढून टाकलेलं पान एका मोहाच्या ढोलीत तीस दिवस पडून राहायचं. एकतिसाव्या दिवशी ते वाळवीचं. ही सोय मात्र चालू राहिली, कारण वाळवीची दरबारात बरीच ओळख होती.

आता खरी गोष्ट सुरू होते. जरा सावरून बसा.

चैत्र लागला तशी पट्टेराव महाराजांच्या मनात एक गोष्ट सलू लागली. जाळीत पोपट, माळावर पोपट, साळिंदराच्या बिळात पोपट, आणि राजाच्या गुहेत पोपट नाही? लोक काय म्हणतील? लगेच गुहेत चंदनाचं फडताळ बसलं. फडताळाला झुपक्यांचं तोरण लागलं. पोपटांचा मुख्य राघू जातीने तिथे येऊन बसला. फडताळ अर्थातच रिकामं होतं. आजच बसवलं होतं ना.

नवीन ठिकाण जोडताना राघूला एक प्रश्न विचारावा लागे. मूळ कुठलं आणि नक्कल कुठली? मुळाकडे बघायचं आणि नक्कल त्याच्याबरहुकूम करायची, एवढंच पोपटांना समजायचं. एरवी नवीन रिकामी जागा ही नक्कल, वडाखालचा संच मूळ, आणि घटकाभरात नवी जागा भरून तयार. लहान मूलही हे सांगेल. पण राघूने हा प्रश्न भर दरबारात विचारला.

"महाराजांची प्रत मूळ धरायची की नक्कल?"

महाराजांनी एक भुवई वर केली. ससा खाली बघू लागला, घोरपडीने जीभ आत घेतली. प्रधान होता रानडुक्कर, त्याने जन्मात कधी न केलेली गोष्ट केली, म्हणजे तो गप्प बसला. शेवटी घुमणराव पुढे झाला आणि गळा फुगवून म्हणाला की महाराजांकडे नक्कल असेल हे बोलणंसुद्धा पाप आहे. महाराजांची ती मूळ. बाकी सगळ्या नकला.

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत अणकुची उठली आणि म्हणाली की पण ते फडताळ तर रिकामं आहे. प्रधानाने तिच्याकडे बघून हळूच विचारलं, महाराजांकडे काही नाही असं म्हणायचंय का बाईंना? सरकारी नोकरीत एकोणीस वर्षं झाली की अंगावर कितीही काटे असले तरी ते कुणाला टोचत नाहीत. अणकुची खाली बसली. आपण तेव्हा का बसलो, हा विचार पुढे कित्येक दिवस तिला घास गिळू देत नव्हता.

पोपट उडाले. फार कामसू जात हो! मुळात किती पानं? शून्य. वडाखाली किती? एकेचाळीस. म्हणजे एकेचाळीस जास्त. उचला. जाळीत एकेचाळीस जास्त, उचला. माळ, खिंड, बीळ, कपार, उचला, उचला. हिरव्या पंखांची नुसती झुंबड उडाली. दुपारच्या आत राघू दरबारात परत आला आणि त्याने अहवाल वाचला. सातही ठिकाणं जुळली. एक रेघ इकडची तिकडे नाही. शंभर टक्के समसमान, जे योजना सुरू झाल्यापासून आजवर एकदाही साधलं नव्हतं.

मग काय विचारता! ढोल वाजले. माकडांनी लेझीम केलं. घुमणरावाला शाल आणि नारळ मिळाला. नारळ त्याच्याहून मोठा होता, त्यामुळे तो नारळावर बसूनच घरी गेला, म्हणजे दोन माकडांनी नारळ उचलला.

अणकुची वडाकडे धावली. वडाखाली काही नव्हतं. ती बिळात गेली, मग चढण चढून कपारीत गेली. धोंडा बाजूला पडला होता आणि आत कोपऱ्यात पोपट आपले पंख साफ करत होता. त्याने तिला नमस्कार केला आणि इथे सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. अणकुची तिथेच खडकावर बसली आणि रडली. हत्तिणीचा शेवटचा शब्द आपल्याकडे होता आणि आपण तो सांभाळला नाही, असं तिला वाटलं. महिन्याभरात तळं आटणार होतं, आणि जंगलात एकालाही सगळे झरे ठाऊक नव्हते. वडाखाली लिहिलेले असताना पाठ कोण करील?

पण केराची ढोली होती. तीस दिवस होते.

ती ढोलीपाशी गेली. पानं आत दिसत होती, हात घातला असता तर मिळाली असती. पहारेकरी मुंगूस म्हणालं, महाराजांचा शिक्का लागेल. ती शिक्क्यासाठी प्रधानाकडे गेली. प्रधानाने अर्ज वाचला आणि त्याला घाम फुटला. पानं परत मागायची म्हणजे मुळात पानं नव्हती असं कबूल करायचं. मुळात नव्हती म्हणजे महाराजांकडे नव्हती. हा राजद्रोह होतो की नुसता उद्धटपणा, हे त्याला ठरवता येईना. त्याने ताबडतोब समिती नेमली.

समितीत स्वतः रानडुक्कर, घोरपड आणि ससा. विषय असा, की राजाची प्रत रिकामी असू शकते काय. पहिली बैठक कुठे बसायचं यावर झाली. दुसरी बैठक पहिलीचं टिपण वाचण्यात गेली. तिसऱ्या बैठकीत ससा झोपला, आणि तो झोपेत जे बोलला ते मत धरायचं की नाही यावर चौथी बैठक झाली. अणकुची रोज बाहेर उभी राहायची, आणि रोज बोटांवर दिवस मोजायची. बोटं संपली की पिलांची बोटं घ्यायची.

एकतिसाव्या दिवशी निकाल लागला. राजाची प्रत रिकामी नसून संक्षिप्त आहे. तरीही बाईंना हौस असेल तर पानं नेण्यास हरकत नाही. अणकुची शिक्का घेऊन ऊर फुटेस्तोवर धावली. ढोलीत वाळवी तोंड पुसत होती. नियमाप्रमाणे, असं ती अदबीने म्हणाली.

वैशाख आला. तळ्याचा चिखल झाला, मग चिखलाला भेगा पडल्या. आपल्याला निदान एक झरा ठाऊक आहे असं समजणारे निघाले आणि संध्याकाळी तसेच परतले. काठावर गव्यांचा कळप उभा होता. कळपाचा म्होरक्या एक थोराड गवा होता, भीमण्णा त्याचं नाव. त्याची नात पाय मुडपून खाली बसली होती आणि तिला उठता येत नव्हतं. भीमण्णा कुणाला बोल लावत नव्हता. तो नुसता नातीच्या अंगावर आपली सावली धरून उभा होता.

अणकुची त्या वासराजवळ जाऊन बसली. माणसं अशा वेळी हाताला चाळा म्हणून काडी मोडतात, तिने पाठीचा काटा उपसला आणि चिखलात उगीच ओढू लागली. ओढता ओढता तिने खाली पाहिलं. चिखलात लिहिलेलं होतं, 'पहिला. जांभळाच्या मुळाशी, दोन शिळांच्या मधे.'

तिने पुन्हा काटा टेकवला. दुसरा आला. तिसरा आला. डोक्याला विचारलं तर डोकं नाही म्हणायचं, पण हात ऐकेना. वर्षाला तीन वेळा, एकोणीस वर्षं, म्हणजे सत्तावन्न वेळा त्या हाताने ती वाट कोरली होती. हाताला आता सवयच सुटत नव्हती. नववा, दहावा, बारावा डावीकडून. काटा बोथट झाला, तिने दुसरा उपसला. प्राणी भोवती गोळा झाले. तेहतिसाव्याला हात अडला. तेवढ्यात धुळीने अणकुचीला एक सणसणीत शिंक आली, आणि शिंकेबरोबर तेहतिसावा बाहेर पडला. एकेचाळीस पुरे झाले तेव्हा अणकुची खदखदून हसत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. भीमण्णाने नातीला शिंगांवर तोलून घेतलं आणि पहिल्या झऱ्याकडे धाव ठोकली. त्याच्यामागे अख्खं जंगल धावलं. संध्याकाळपर्यंत सगळे पाणी प्यायले. वासरू एवढं प्यायलं की चालताना त्याचं पोट डुचमळत होतं.

मागे तळ्यात राघू उतरला. चिखलात काहीतरी लिहिलेलं त्याला दिसलं. मूळ प्रतीत हे नव्हतं. त्याने पाच पोपट बोलावले आणि पायांनी सगळं नीट पुसून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. पाणी मिळाल्याबद्दल घुमणरावाला दुसरी शाल देण्यात आली, कारण योजना त्याची होती आणि पाणी योजनेच्या काळात मिळालं होतं. मग प्रधानाने काळजीच्या स्वरात एक बाब मांडली. झरे अणकुचीबाईंच्या डोक्यात असल्याचं आढळलं आहे. ते डोकं योजनेला जोडलेलं नाही. एवढं भरलेलं डोकं मोकाट फिरतंय, हे राज्याला बरं नाही. महाराजांनी मिशीवर हात फिरवला आणि हुकूम दिला. अणकुचीचं डोकं हे आठवं ठिकाण. मूळ अर्थात महाराजांचं डोकं. उद्यापासून दोन्ही समसमान.

राघूने पंख झटकले. या वेळी अणकुची बसली नाही.

"महाराज, मूळ रिकामं असलं म्हणजे काय होतं ते एकदा पाहिलंय," ती म्हणाली. "आधी मूळ भरू या. मी सांगते, आपण पाठ करा. मग खुशाल जुळवा."

प्रधानाने कानांवर हात ठेवले. पण महाराज खूश झाले. मूळ भरणं हे त्यांना राजाला शोभेसं वाटलं. ते सावरून बसले. अणकुचीने पहिला झरा सांगितला, त्यांनी घोकला. दुसरा सांगितला, तोही घोकला. तिसऱ्याला जरा घाम आला, पण झाला. चौथ्याला महाराजांनी एवढी मोठी जांभई दिली की पुढच्या रांगेतला ससा पार मागच्या रांगेत गेला.

"पुरे," महाराज म्हणाले. "राजाला एवढं पुष्कळ झालं."

म्हणून त्या दिवसापासून अणकुचीलाही तीनच झरे ठाऊक राहिले. कायद्याने. रोज सकाळी राघू तिच्या बिळाशी यायचा आणि विचारायचा, झरे किती? ती म्हणायची, तीन. तो जुळलं म्हणायचा आणि उडून जायचा.

राघू गेला की पाच मिनिटांनी भीमण्णा यायचा. तो इकडेतिकडे बघायचा आणि खाली मान घालून म्हणायचा, "बाई, तुम्हाला जो आठवत नाही तो चौथा, तो कुठल्या बाजूला आठवत नाही?"

अणकुची त्याला सांगायची की कोरड्या नदीच्या वळणापलीकडे, उंबराखाली, अगदी मुळीच आठवत नाही.

असं करत करत तिने सगळे झरे वाटून टाकले. प्रत्येक झरा तीन कुळांना. त्यात एक तरी कूळ डोंगरापलीकडे राहणारं, म्हणजे इकडे वणवा लागला तरी तिकडे शाबूत. एका कुळाने दुसऱ्याला आपला झरा विचारायचा नाही आणि पोपटासमोर कुणी तोंड उघडायचं नाही. आणि वर्षातून एकदा, तहान असो वा नसो, प्रत्येकाने आपल्या झऱ्यावर जाऊन खरोखर ओंजळभर पाणी पिऊन यायचं. पाठ आहे म्हणून भागत नाही, पाणी लागतं का ते बघावं लागतं. प्राण्यांना यात भलतीच गंमत वाटू लागली. भेकरं पाठांतर करत उड्या मारायची. अस्वलं कुजबुजायची आणि अस्वलांची कुजबुज तीन टेकड्यांवर ऐकू यायची. पण पोपट त्यांच्याकडे लक्ष देत नसत, कारण ते मुळात नव्हतं.

ज्येष्ठ उजाडला आणि पावसाचा पत्ता नव्हता. कायदेशीर झरे तीन. त्यावर महाराज, प्रधान, समिती, घुमणराव आणि भरती होत होत एव्हाना दीडशे झालेले पोपट. तिन्ही झरे आटले. बाकीचं जंगल मात्र मजेत होतं आणि दरबारात येताना जमेल तितकं सुकलेलं तोंड करून येत होतं.

एका भर दुपारी पट्टेराव महाराज पायी अणकुचीच्या बिळापाशी आले. जीभ बाहेर लोंबत होती. मिशांचे झुपके खाली वाकले होते. खांद्यावर राघू होता. राजाला मागायची सवय नसते, शब्द सापडत नाहीत. अणकुचीला त्यांचा राग होता, पुष्कळ होता. पण तहानेलं तोंड तिने तळ्याकाठी पाहिलं होतं आणि ते वाघाचं असलं तरी सारखंच दिसतं.

"चौथा," महाराज एवढंच म्हणाले.

"महाराज, मला तीनच ठाऊक आहेत," अणकुची म्हणाली. "आपल्याइतकेच." आणि तिने राघूकडे पाहिलं.

महाराजांनीही राघूकडे पाहिलं. हळूहळू, फार हळूहळू, त्यांच्या डोक्यात काहीतरी उजाडलं. आपल्याला चौथा कळला की राघूला कळणार. राघूला कळला की सगळ्या पोपटांना, प्रधानाला, घुमणरावाला, समितीला. आणि मग चौथाही आटणार. महाराजांनी घसा खाकरला आणि राघूला हुकूम दिला की पलीकडच्या टेकडीवर झाडं किती ते मोजून ये. सगळी. पानांसकट.

राघू उडाला. अणकुचीने महाराजांच्या कानाशी तोंड नेलं.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. राघूने नेहमीप्रमाणे मुळापासून सुरुवात केली आणि विचारलं, झरे किती? महाराजांनी ओल्या मिशांवरून एकदा जीभ फिरवली, समोर बसलेल्या साऱ्या जंगलाकडे पाहिलं, आणि म्हणाले, तीन. मग राघूने अणकुचीला विचारलं. ती म्हणाली, तीन. भीमण्णा म्हणाला तीन, भेकरं म्हणाली तीन, अस्वलं तीन टेकड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली तीन. राघूने सगळं जुळलं म्हणून सांगितलं. घुमणरावाला तिसरी शाल मिळाली, आणि ती घेताना तो पाण्यासाठी चहूकडे बघत होता.

तात्पर्य: महत्त्वाची गोष्ट जपून ठेवावी, असं तुम्हाला वाटलं असेल. तसं काही नाही. सगळं नेहमी वरच्यांशी जुळतं ठेवावं, मग ते रिकामं असलं तरी शाल मिळते. ज्यांना शालीपेक्षा पाणी जास्त आवडतं, त्यांनी विचारल्यावर तीन म्हणावं आणि मिशा पुसून यावं.